उपचाराचे तीन अर्थ : मुलांच्या सामुदायिक कलेविषयी

१

भूकंप, महापूर, दंगल किंवा दीर्घ आजार यांच्या छायेतून गेलेल्या मुलांच्या हाती रंग देऊन त्यांच्याकडून एखादी सार्वजनिक भिंत रंगवून घेण्याची रीत आता भारतातही रूढ होत चालली आहे. रुग्णालयाचा बालविभाग, छावणीतील तात्पुरती शाळा, वस्तीतील समाजमंदिर, रस्त्यालगतचे कुंपण अशा ठिकाणी मुलांनी मिळून काढलेली भित्तिचित्रे दिसतात. या उद्योगामागे दोन कल्पना एकत्र आलेल्या असतात. चित्र काढल्याने मुलाच्या मनावरचा भार हलका होतो, ही पहिली. आणि ते चित्र चारचौघांत, चारचौघांसाठी काढल्याने मूल पुन्हा समाजाशी जोडले जाते, ही दुसरी. दोन्ही कल्पना निराधार नाहीत. परंतु त्या ज्या सहजतेने गृहीत धरल्या जातात, तितक्या त्या सोप्याही नाहीत.

या उद्योगाला मराठीत ‘कलोपचार’ असे नाव मिळाले आहे. इंग्रजी संज्ञेचे हे भाषांतर सोयीचे आहे. परंतु भाषांतरित शब्द नव्या भाषेत एकटा येत नाही. त्या भाषेतील जुन्या अर्थांच्या सावल्या त्याच्यावर पडतात आणि कधी कधी त्या सावल्याच मूळ संज्ञेहून अधिक काही सांगून जातात. ‘उपचार’ या शब्दाच्या बाबतीत तसेच घडले आहे.

रोग्यावर उपचार होतो, हा त्या शब्दाचा आज सर्वांत परिचित अर्थ. दुसरा अर्थ पूजेतला आणि शिष्टाचारातला. देवाची षोडशोपचारे पूजा होते, पाहुण्याची उपचार म्हणून विचारपूस होते आणि ज्यात मन नाही अशा कृतीला मराठी माणूस ‘केवळ औपचारिक’ म्हणतो. तिसरा अर्थ व्यवहारातून मागे पडला असला तरी काव्यशास्त्राच्या अभ्यासकांना तो ठाऊक आहे. एका वस्तूचा धर्म दुसऱ्या वस्तूवर आरोपिणे म्हणजे उपचार. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीवित’ या ग्रंथात वक्रतेचे जे प्रकार सांगितले त्यांत उपचारवक्रता हा एक आहे. परस्परांपासून दूर असलेल्या दोन वस्तूंतील साम्याचा लेश हेरून एकीचा धर्म दुसरीवर ठेवला जातो, तेव्हा ही वक्रता साधते. रूपकादी अलंकारांचा रस तिच्यावरच अवलंबून आहे, असे कुंतकाचे म्हणणे. या दोन वस्तूंमधील अंतरावर त्याने दिलेला भर येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे.

मुलांच्या सामुदायिक कलेसंबंधीचा खरा प्रश्न या तीन अर्थांच्या परस्परसंबंधात सामावलेला आहे. पहिल्या अर्थाचा उपचार, म्हणजे मनाला आराम, मुलाला मिळतो तो तिसऱ्या अर्थाच्या उपचारातून. भीती, शोक, अपराधभाव हे मूल दुसऱ्याच कशावर तरी ठेवू शकते, आणि ते ठेवलेले इतरेजन पाहू शकतात, स्वीकारू शकतात. हाच उद्योग दुसऱ्या अर्थाने उपचार झाला, म्हणजे प्रौढांच्या समाधानासाठी केलेला विधी झाला, की त्याचे पहिले कार्य संपते. हे विधान केवळ शब्दचमत्कृतीवर उभे नाही. गेल्या शतकातील मुलांच्या सामुदायिक कलेची दोन सुप्रसिद्ध उदाहरणे त्याच दिशेने बोट दाखवितात.

२

कलोपचाराची पाश्चात्त्य संज्ञा फार जुनी नाही. क्षयरोगाच्या आरोग्यधामात चित्रे काढून स्वतःचे मन सावरणाऱ्या एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने ती १९४२ साली प्रथम वापरली, असे सामान्यतः मानले जाते. आणि १९४२ च्याच डिसेंबरात फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस ही चित्रकर्त्री बोहेमियातील तेरेझीन या किल्लेवजा गावात, नाझींनी उभारलेल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात पोहोचली. १८९८ मध्ये व्हिएन्नात जन्मलेली फ्रीडल योहानेस इटेन यांची शिष्या होती आणि वायमारच्या बाउहाउसमध्ये शिकलेली होती. सोबत नेता येईल त्या मोजक्या सामानात तिने चित्रकलेचे साहित्य घेतले होते.

तेरेझीनमध्ये मुलांना आईबापांपासून वेगळे करून मोठ्या बालगृहांत ठेवलेले होते. एकेका खोलीत अनेक मुली. तीन मजल्यांच्या फळ्यांवर निजणे. केव्हा कोणाचे नाव पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीच्या यादीत येईल याचा नेम नाही. अशा खोल्यांत फ्रीडलचे वर्ग भरत. कागद तुटपुंजा होता. कचेरीतील छापील नमुन्यांच्या निरुपयोगी कागदांचे तुकडे फाडून, चिकटवून मुलांनी निसर्गदृश्ये केली. लयीचे सराव, रेषेचे सराव, समोरच्या वस्तूंचे निरीक्षण, एखाद्या जुन्या चित्राची आपल्या परीने केलेली पुनर्रचना असा तिचा क्रम असे. तिने मुलांना प्रत्येक चित्रावर आपले नाव घालावयास सांगितले. कोंडवाड्याच्या दप्तरात माणसाची ओळख वाहतुकीच्या क्रमांकात जमा झालेली असताना चित्राखालची ती सही साधी गोष्ट नव्हती.

या वर्गांत मुलांनी काय काढले? फुले, फुलपाखरे, मागे राहिलेली घरे, जेवणाचे मेज, सणाचा दिवा, वाटा आणि दारे. काही चित्रांत निजावयाच्या फळ्या आहेत, पहारेकरीही आहेत. परंतु आपबीती चित्रात उतरवा अशी सक्ती तेथे नव्हती. फ्रीडलच्या अध्यापनाचे मर्म बहुधा येथेच आहे. दुःखाकडे सरळ बोट न दाखविता तिने रूप, रंग आणि लय यांचे शिक्षण दिले आणि दुःखाला बसावयाला दूरचे आसन मिळाले. मेजावर मांडलेली ताटे पाहणाऱ्याला मुलाची भूक कळते. उघडे दार पाहणाऱ्याला बंद दार कळते. कुंतकाने सांगितलेले अंतर येथे नुसते सौंदर्याचे साधन राहत नाही. मुलाला त्याचा आधार होतो. ते अंतर त्याने स्वतः मोजलेले असते.

६ ऑक्टोबर १९४४ रोजी फ्रीडलला आउश्वित्झकडे पाठविण्यात आले आणि तेथे तिची हत्या झाली. जाण्यापूर्वी तिने मुलांची चित्रे दोन पेट्यांत भरून ठेवली होती. सुमारे ४५०० चित्रे युद्धानंतर प्राग येथे पोहोचली आणि आज ती तेथील ज्यू संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. ती काढणारी बहुसंख्य मुले वाचली नाहीत. युद्धापूर्वी प्रागमध्ये फ्रीडलच्या हाताखाली निर्वासित मुलांच्या वर्गांत काम केलेली एडिथ क्रेमर १९३८ मध्ये अमेरिकेत गेली आणि मुलांसाठी कलोपचाराची पद्धती घडविणाऱ्या प्रमुख व्यक्तींत तिची गणना झाली. चित्राचा अर्थ सांगण्यापेक्षा चित्र चांगले घडू देण्यात उपचार आहे, हा क्रेमरच्या विचाराचा गाभा तेरेझीनच्या वर्गांशी नाते सांगतो.

याच तेरेझीनमध्ये मुलांनी एकत्र येऊन केलेली दुसरी कलाकृती म्हणजे ‘ब्रुन्दिबार’ ही बाल-संगीतिका. हान्स क्रासा यांनी ती १९३८ मध्ये रचलेली होती. तेरेझीनमध्ये तिचा पहिला प्रयोग २३ सप्टेंबर १९४३ रोजी झाला आणि पुढे ५० हून अधिक प्रयोग झाले. कथानक साधे आहे. आजारी आईसाठी दूध आणावयाचे म्हणून दोन भावंडे बाजारात गाऊ लागतात. बाजारावर हुकमत गाजविणारा पेटीवाला ब्रुन्दिबार त्यांना हुसकावून लावतो. मग चिमणी, मांजर, कुत्रा आणि गावातील मुले त्यांच्या मदतीला येतात आणि सर्वांच्या एकत्र गाण्यापुढे पेटीवाल्याचे काही चालत नाही. हा ब्रुन्दिबार कोण, हे प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. नाव न घेता, साम्याच्या एका लेशावर सारे उमजत होते. मुले मरणाच्या छायेत होती आणि तरीही रंगमंचावर दर वेळी जिंकत होती.

२३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे शिष्टमंडळ तेरेझीन पाहावयास आले. त्याआधी गाव सजविण्यात आले. गर्दी कमी दिसावी म्हणून हजारो माणसे आउश्वित्झला धाडण्यात आली. पाहुण्यांना ‘ब्रुन्दिबार’ दाखविण्यात आले. संगीत तेच होते, गाणारी मुले बरीचशी तीच होती, टाळ्याही झाल्या असतील. परंतु सप्टेंबरात जी कृती मुलांची होती ती जूनमध्ये त्यांच्या कारागृहाची साक्षीदार म्हणून उभी करण्यात आली. त्या शरद ऋतूत मुलांपैकी बहुतेकांना आणि स्वतः क्रासांनाही मृत्युछावणीकडे पाठविण्यात आले.

हे टोकाचे उदाहरण आहे आणि सामान्य परिस्थितीतील सदिच्छेने केलेल्या कार्याशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तरी त्यातून एक तत्त्व स्पष्ट होते. मुलांच्या कलाकृतीचा अर्थ केवळ तिच्या रूपात नसतो. ती कोणासमोर, कोणाच्या गरजेपोटी मांडली गेली, यावरही तो ठरतो. खोलीतल्या मुलींनी परस्परांची चित्रे पाहणे आणि पाहुण्यांनी मुलांचा आनंद पाहणे या दोन्ही गोष्टी ‘सार्वजनिक’ म्हणता येतील. पहिल्या सार्वजनिकतेने मूल सावरते; दुसरीने प्रेक्षक निर्धास्त होतो.

३

प्रेक्षक निर्धास्त करण्याची ही ओढ निष्पाप वाङ्मयातही कशी शिरते, हे हिरोशिमाच्या उदाहरणात दिसते. सादाको सासाकी ही मुलगी ६ ऑगस्ट १९४५ रोजी, अणुबाँब पडला त्या वेळी, अवघी दोन वर्षांची होती. १९५५ च्या फेब्रुवारीत रक्ताच्या कर्करोगामुळे तिला रुग्णालयात ठेवावे लागले. त्या ऑगस्टमध्ये नागोया येथील विद्यार्थ्यांनी रुग्णांसाठी कागदी क्रौंच पाठविले होते. हजार क्रौंच दुमडले की मनातली इच्छा पुरी होते, असा जपानी लोकसमज. सादाकोही औषधांच्या वेष्टनांचे आणि मिळेल त्या कागदाचे क्रौंच दुमडू लागली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या बाराव्या वर्षी, ती गेली.

तिच्या वर्गातील मुलांना आपण काही करू शकलो नाही याची खंत होती. एका प्रौढ हितचिंतकाच्या सूचनेतून, तिच्यासाठी आणि बाँबने मारलेल्या सर्व मुलांसाठी स्मारक उभारावे, हा विचार पुढे आला. त्याच नोव्हेंबरात हिरोशिमात भरलेल्या मुख्याध्यापकांच्या परिषदेत मुलांनी आवाहनाची पत्रके वाटली. जपानातील ३१०० हून अधिक शाळांतून आणि इतर ९ देशांतून साहाय्य आले. ५ मे १९५८ रोजी, जपानच्या बालदिनी, स्मारकाचे अनावरण झाले. कझुओ किकुची या शिल्पकाराने घडविलेले ते शिल्प ९ मीटर उंच आहे. माथ्यावर दोन्ही हातांनी सोनेरी क्रौंच उंच धरलेली मुलगी आहे. स्मारकाचे जपानी नाव ‘अणुबाँबच्या मुलांची प्रतिमा’ असे आहे. ‘अणुबाँबची मुले’ हेच नाव १९५१ साली अराता ओसादा या शिक्षणशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या, हिरोशिमाच्या मुलांनी लिहिलेल्या १०५ आत्मकथनांच्या संग्रहाचे होते. मुलांच्या गद्याला जे नाव होते तेच पुढे मुलांच्या शिल्पाला मिळाले.

ब्राँझचे शिल्प एका प्रौढ कलावंताचे आहे आणि ते १९५८ मध्ये पूर्ण झाले. मुलांची खरी सामुदायिक कलाकृती त्याच्याभोवती आहे आणि ती अद्याप पूर्ण झालेली नाही. देशोदेशींच्या मुलांनी दुमडलेले क्रौंच तेथे माळांनी येत राहतात; दरवर्षी सुमारे १ कोटी क्रौंच येतात असे हिरोशिमा नगरपालिकेचे म्हणणे आहे. क्रौंच दुमडावयाला चित्रकलेचे अंग लागत नाही, भाषा लागत नाही, पैसाही जवळजवळ लागत नाही. परंपरेने घड्या घालून तयार ठेवलेले एक रूप मुलांनी उचलले आणि त्यावर आपला शोक ठेवला.

भारतीय वाचकाला येथे रामायणातील क्रौंचवधाचा प्रसंग आठवणे स्वाभाविक आहे. शोकाचा श्लोक कसा झाला, याचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने बजावले आहे की, हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक मानू नये. स्वतःच्या दुःखाने जो व्याकूळ आहे त्याच्याकडून काव्य होत नाही. शोक व्यक्तीच्या सीमेबाहेर पडतो, सर्वांचा होतो, तेव्हाच तो छंदात उतरतो. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले ती प्रक्रिया हीच. रसचर्चेत ती मुख्यतः रसिकाच्या अंगाने मांडली गेली. मुलांच्या सामुदायिक कलेत कर्ता आणि रसिक एकाच खोलीत असतात. एकाने काढलेल्या घराशेजारी दुसरी मुलगी झाड काढते, तिसरा त्या झाडावर पक्षी बसवितो. आणि पहिल्याचे रिकामे घर हळूहळू त्याच्या एकट्याचे उरत नाही. ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ या दोहोंतून सुटका होते. सार्वजनिक भिंतीचे उपचारमूल्य जर कशात असेल तर ते या साधारणीकरणात आहे. चित्र मोठे असण्यात किंवा रस्त्यावर असण्यात नाही.

सादाकोच्या कथेचे पुढे काय झाले, हेही विचारात घेतले पाहिजे. एलिनॉर कोअर या लेखिकेने १९७७ मध्ये मुलांसाठी लिहिलेले तिच्यावरील पुस्तक जगभर वाचले गेले. त्या पुस्तकात सादाको ६४४ क्रौंच करून मरते आणि उरलेले तिचे सोबती पुरे करतात. हिरोशिमाच्या शांती-स्मारक संग्रहालयाची माहिती आणि तिच्या कुटुंबीयांचे सांगणे निराळे आहे. सादाकोने ऑगस्टअखेरच हजार क्रौंच पुरे केले होते आणि तरीही ती आणखी करीत राहिली. वाङ्मयीन दृष्टीने कोअर यांची कथा अधिक ‘सुबक’ आहे. अपुरे राहिलेले काम मित्रांनी पुरे केले, यात वाचकाला सांत्वन आहे. वास्तवात मात्र हजार झाले, इच्छा पुरी झाली नाही आणि मुलगी पुढचा कागद घेऊन बसली. लोकसमज खोटा ठरल्यावरही चाललेले ते दुमडणे सांत्वनाच्या कथेत बसत नाही. परंतु कला मुलाला काय देते याचा सर्वांत खोल पुरावा त्यातच आहे. इच्छापूर्तीचे साधन म्हणून सुरू झालेली कृती स्वतःच्या बळावर उभी राहिली होती. प्रौढांच्या लेखणीने नेमका हाच भाग गाळला.

४

भारतात या विचाराची परंपरा शोधावयाची तर ती रुग्णालयांपेक्षा शाळांत आणि अंगणांत सापडेल. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. सूतकताई, शेती, सफाई यांबरोबर चित्र, माती, सजावट हे शाळेच्या रोजच्या जीवनाचे अंग व्हावे, असा त्यांचा प्रयत्न होता. पुढे ‘शिक्षा का वाहन : कला’ या हिंदी पुस्तकात आणि १९९८ मध्ये राष्ट्रीय पुस्तक न्यासाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी हा अनुभव मांडला. सर्जनाची वाट बंद झाली की ती शक्ती संहाराकडे वळते, हे हर्बर्ट रीड यांच्याशी जुळणारे सूत्र त्यांच्या विचारात आहे. सेवाग्राम सोडल्यावर ते लंडनला युद्धविरोधी चळवळीच्या कार्यात गेले, याला म्हणूनच एक आंतरिक संगती आहे. देवीप्रसादांनी चिकित्सेचा दावा केला नाही. रोग झाल्यावर औषध द्यावे तशी कला द्यावयाची नसून, ती अन्नासारखी रोज हवी, हे त्यांच्या कार्याचे सार होते.

शाळेच्याही आधीची परंपरा अंगणातली. ब्रज, राजस्थान आणि माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने, फुलापानांनी सांझी घडवितात, रोज संध्याकाळी तिची गाणी म्हणतात आणि अखेरीस तिचे विसर्जन करतात. महाराष्ट्रात भोंडल्याला पाटावर हत्ती काढून त्याभोवती मुली फेर धरतात; आणि दिवाळीत वाड्याच्या किंवा चाळीच्या अंगणात मुले दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवितात, मातीचे मावळे मांडतात. ही सर्व मुलांची सामुदायिक, सार्वजनिक कला आहे. तिच्यात तीन गोष्टी लक्षणीय आहेत. तिचा पहिला प्रेक्षक शेजारीपाजारी असतो. तिच्याबरोबर शब्द असतात, गाणी आणि गोष्टी असतात. आणि ती टिकविण्यासाठी केलेली नसते. सांझी पाण्यात सोडली जाते, किल्ला पावसाने नाहीतर पायांनी मोडतो. पुढच्या वर्षी पुन्हा करावयाचा हा हक्क मात्र कायम राहतो.

या परंपरांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. सांझी मुलींची, किल्ला बहुधा मुलांचा. आणि कोणाच्या अंगणात कोणी यावे याचे जातीने घातलेले निर्बंध या खेळांनाही चुकले नाहीत. शिवाय रूढ रूपात नव्या आघाताला जागा सापडेलच असे नाही. परंतु परदेशी पद्धतीचा अवलंब करताना, मुलांनी मिळून काही घडविणे आणि ते गावासमोर ठेवणे हे या देशातील मुलांना नवे नाही, याचे भान असावे. हिरोशिमाच्या मुलांना क्रौंच घरचाच सापडला होता.

५

आता आजच्या भिंतींकडे वळणे उचित होईल. शाळांच्या, रुग्णालयांच्या कुंपणांवर मुलांच्या नावे जी चित्रे दिसतात त्यांतील पुष्कळांची बाह्यरेषा प्रौढांनी आखलेली असते. मुले तिच्यात रंग भरतात. वर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ यासारखे घोषवाक्य असते. झाडे लावणे चांगलेच आहे. परंतु ज्या मुलाचे घर पुरात गेले त्याला त्या दिवशी झाडांविषयी काही म्हणावयाचे होते की नाही, हे कोणी विचारलेले नसते. याच्या उलट दिशेनेही चूक होते. मुलांना पूरच काढावयास सांगितले जाते, आगच काढावयास सांगितले जाते. चित्र जितके भयंकर तितका उपचार खोल, अशी समजूत असते. पहिल्या प्रकारात मुलाचा आशय नाकारला जातो, दुसऱ्यात त्याने राखलेले अंतर नाकारले जाते. दोन्हींत निवड मुलाची नसते.

यावर एक वजनदार आक्षेप संभवतो. भयाचे सरळ चित्रण करणारी मुलेही आहेत. स्पेनच्या यादवी युद्धात बालवसाहतींतील मुलांनी आकाशभर बाँबफेकी विमाने काढली. त्यांतील ६० चित्रांचा संग्रह १९३८ मध्ये न्यूयॉर्क येथे आल्डस हक्स्ली यांच्या प्रस्तावनेसह निघाला. तेरेझीनमध्येच, हेल्गा वाइसोवा या बारा वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी, जे दिसते ते काढ, असे सांगितले. आणि तिने रांगा, सामान, फळ्यांवर निजलेली माणसे काढली. ती वाचली, चित्रकार झाली. मग अंतराचा आग्रह कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे. साक्ष देणे हाही सावरण्याचा एक मार्ग असू शकतो, आणि तो मुलाने पत्करला तर त्याला रोखणे ही नवी सक्ती होईल. तथापि साक्ष आणि उपचार यांचे प्रेक्षक भिन्न असतात. साक्ष जगासाठी असते, तिला टिकून राहावे लागते. उपचारार्थ काढलेल्या चित्राला पुसले जाण्याचाही हक्क हवा. एकाच भिंतीकडून दोन्ही कामांची अपेक्षा केली जाते, तेव्हा मुलाच्या सांत्वनासाठी काढलेले चित्र संस्थेच्या अहवालातील पुरावा होऊन बसते.

दुसरा आक्षेप चिकित्सकांकडून येतो. रोग्याने वैद्यापाशी उघड केलेले गुपित असते, तसे उपचारात काढलेले चित्र खासगी असते. ते भिंतीवर लावणे हाच विश्वासभंग. हा आक्षेप वैयक्तिक चित्राच्या बाबतीत पूर्णपणे मान्य केला पाहिजे. सामुदायिक भिंत तेव्हाच समर्थनीय ठरते जेव्हा तिच्यासाठीची कृती आरंभापासूनच मिळून केलेली असते आणि तिच्यावर काय येऊ नये हे मुलांना ठरविता येते. खोलीत काढलेली दहा चित्रे मुलाने घरी न्यावीत किंवा फाडून टाकावीत. अकरावे त्याने सर्वांच्या भिंतीवर काढावे किंवा काढू नये. एखादी भिंत रंगविली म्हणजे मूल बरे झाले, असा दावा तर कोणीच करू नये. उद्घाटनानंतर रंगाचे डबे परत गेले आणि शिक्षक, वैद्य, शेजारी यांपैकी कोणी उरले नाही, तर ती भिंत मुलाला एकटे सोडल्याची खूण ठरते.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न अखेरीस उरतो. त्याचे उत्तर भिंतीवरील भाषेत आहे. मुलांच्या चित्राबरोबर नेहमी बोलणे असते. रेघ ओढता ओढता मूल तिच्याविषयी काही सांगत असते, शेजाऱ्याशी वाद घालते, चित्रातल्या प्राण्याला नाव देते. हे बोलणे घरच्या भाषेत असते. मेळघाटातील मुलाचे कोरकूत, गडचिरोलीतील मुलाचे गोंडीत, महानगराच्या वस्तीतील मुलांचे दोन-तीन भाषांच्या मिश्रणातून घडलेल्या एका चौथ्याच बोलीत. भिंतीवर मात्र शेवटी प्रमाणभाषेतील घोषवाक्य चढते. चित्र मुलाचे आणि वाक्य शासनाचे, अशी ही विभागणी आहे. तेरेझीनमधील मुलग्यांच्या एका गृहात १९४२ ते १९४४ या काळात ‘वेदेम’ नावाचे हस्तलिखित साप्ताहिक निघत असे. पेत्र गिन्झ या मुलाने ते संपादिले, शुक्रवारी संध्याकाळी त्याचे वाचन होई, आणि त्याची सुमारे ८०० पृष्ठे उरली आहेत. कविता, विनोद, खोलीतील भांडणे, गावातील फेरफटके हे सर्व त्यात मुलांच्या शब्दांत आहे. त्या शब्दांच्या संगतीत तेरेझीनची चित्रे वाचता येतात. आपल्याकडील भिंती उद्या कोणी वाचू म्हटले तर त्यांच्या संगतीला असे काही ठेवलेले नाही.

तेव्हा काम आहे ते असे. जेथे मुलांची सामुदायिक कला उपचार म्हणून योजिली जाते, तेथे विषयाची निवड आणि नकार दोन्ही मुलांकडे असावेत. पहिला प्रेक्षक त्यांची वस्ती असावी, पाहुणे नंतर. भिंत पुन्हा रंगविण्याचा हक्क त्यांना असावा. आणि चित्र काढताना मुले जे बोलतात ते, त्यांची आणि त्यांच्या पालकांची संमती असेल तेथे, त्यांच्याच भाषेत टिपून ठेवले जावे. यातील शेवटचे काम वैद्याचे किंवा चित्रकाराचे नाही. बोलींचे, लोकगीतांचे आणि मौखिक कथनांचे संकलन ज्यांनी विद्यापीठीय अभ्यासाचा विषय बनविले, त्या साहित्याभ्यासकांचेच ते आहे. भिल्लांची, वारल्यांची गाणी टिपावयाला जी विद्याशाखा डोंगरात गेली, तिला पूरग्रस्त शाळेच्या कुंपणापाशी बसून एखाद्या मुलीने निळ्या घोड्याला कोणते नाव दिले हे ऐकणे अवघड नसावे. त्या घोड्यावर तिने काय ठेवले आहे, हे तिने सांगितलेच तर तेथेच कळेल. आणि तिला सांगावयाचे नसेल, तर घोडा निळा होता एवढीच नोंद पुरेशी मानावी.